लालासाबची शुगर आणि नायकवड्यांचं पिनियन

लालासाब शिकलगार रोज सकाळी उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपचं शटर वर करी, तेव्हा त्याचं तोंड असं होई की नव्या माणसाला वाटावं, आत काहीतरी मरून पडलंय. आत काही मेलेलं नसे. गिऱ्हाइकांनी आदल्या संध्याकाळी आणून टाकलेले गिअर तेवढे असत. पण लालासाबच्या मते ते मेलेल्याहून वाईट. मेलेलं जनावर निदान पुन्हा फिरवून दे म्हणत नाही.

त्याचा आजा गावोगाव हिंडून विळ्या-सुऱ्यांना धार लावायचा. बापानं दुसऱ्याच्या लेथवर जन्म काढला. लालासाबनं कुठूनसं एक जुनं हॉबिंग मशीन मिळवलं. लोखंडाचा गोल ठोकळा आत लावायचा, वरनं तेलाची धार सोडायची आणि कटर फिरत फिरत त्याला दात पाडत जातो, असं ते यंत्र. ते चालू असलं की लालासाबचा चेहरा जरा माणसात येई. नवा, चकचकीत, सगळे दात सारखे असलेला गिअर हातात घेऊन तो अंगठा फिरवी, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आलेल्या बापासारखा दिसे. त्याचं बाकीचं आयुष्य किळसवाणं होतं.

त्याच्याकडं मुख्य काम पिनियनचं. दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात, त्यातलं लहान ते पिनियन. मोठं चाक एक फेरा घेतं तोवर लहान्याला चार-पाच फेरे मारावे लागतात. म्हणजे मोठ्याचा एक दात एकदा रगडला जातो तेवढ्यात लहान्याचा चार-पाचदा. म्हणून आधी झिजतं ते पिनियन आणि मोठं चाक मजेत फिरत राहतं. "धाकटी सूनच की मग ही," असं लालासाबची बायको कुलसुम म्हणे. ती स्वतः धाकटी सून होती, तेव्हा त्यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

ही पिनियनं येत ती बहुतेक गुऱ्हाळांवरून. उसाचा रस काढणाऱ्या घाण्यात लोखंडी लाटा, म्हणजे जाड रूळ, असतात. मोटर गरागरा फिरते, लाटा सावकाश फिरायला हव्यात, आणि तो वेग उतरवायचं काम मधलं पिनियन करतं. हंगामात ते मोडलं की ऊस फडात वाळतो, म्हणून गुऱ्हाळवाला ते उपसून, मिळेल त्या चिंध्यांत गुंडाळून, एसटीनं नाहीतर मोटरसायकलवरनं कोल्हापूर गाठी. त्या चिंध्या कसल्या असत हे लिहिण्यासारखं नाही. लालासाब त्या चिमट्यानं उलगडी. आत दातांच्या खाचांत वंगण वाळून खपली धरलेली, तिच्यात चिपाडं, माश्या, केस, आणि एकदा तर पालीची शेपटी.

"धुऊन आणायचं न्हाय व्हय?" तो विचारी.

"लोखंडाचं काय धुवायचं?"

"तू आंगूळ करतोस न्हवं?"

"रोज कुठं करतोय," असं एका गिऱ्हाइकानं अगदी सरळ मनानं सांगितलं, त्या दिवशी लालासाबला दुपारची भाकरी गेली नाही.

तेव्हा असा माणूस गूळ खात नसे, हे ओघानंच आलं. लग्न नवं होतं तेव्हा तो एका गुऱ्हाळावर पिनियन बसवायला गेला होता. काम झाल्यावर त्यानं रसाच्या टाकीत डोकावलं. हिरव्या रसावर मोराच्या पिसासारखा रंग पसरला होता. निळा, जांभळा, सोनेरी. बघायला सुरेख. पिनियनवर ओतलेलं जळकं ऑइल आसावरून सरपटत येऊन खाली टपटपत होतं, त्याचा तो रंग होता.

"ह्ये काय?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. उकळताना वर मळी येती, तिच्याबरोबर निघून जातंय सगळं."

"सगळं?"

"बरंचसं," गुऱ्हाळवाला म्हणाला, आणि प्रेमानं त्याच्या हातावर गुळाचा गरम गोळा ठेवला.

सगळी गुऱ्हाळं अशी नव्हती, हे सांगायला हवं. कितीतरी ठिकाणी पिनियनवर झाकण असे, खाली पत्रा असे, घाणा आरशासारखा पुसलेला असे. पण ती माणसं लालासाबकडं फिरकतच नसत, त्यांची पिनियनं मोडत नसत. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला सगळं गाव आजारी दिसावं, तसं लालासाबला सगळ्या गुळात ऑइल दिसे.

आता कोल्हापुरात राहून गूळ नको म्हणणं सोपं नाही. इथं "नको" या शब्दाचा अर्थ "अजून थोडा आग्रह करा" असा होतो. पोट भरलंय म्हटलं तर खडाच हाय की, दात दुखतोय म्हटलं तर चघळा की. शेवटी वैतागून एका गिऱ्हाइकाला तो म्हणाला, "शुगर हाय मला." आणि जादू झाली. त्या माणसानं हात मागं घेतला, चेहरा पाडला, आणि आपली मावशी शुगरनं कशी गेली ते सांगितलं. त्या दिवसापासून लालासाबला शुगर झाली.

हा बिनऔषधाचा आजार त्यानं वर्षानुवर्षं निष्ठेनं सांभाळला. बाहेर बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि घरी दार लोटून तीन चमचे घालून घ्यायचा. खरं ठाऊक होतं ते कुलसुमला आणि मुलीला, इरमला. शेजारच्या लेथवाल्या धम्मपाललाही नाही. धम्मपाल म्हणजे त्याचा जीव की प्राण. दोघांचा दिवस एकमेकांना टोमणे मारण्यात जायचा. पण शुगरच्या बाबतीत धम्मपाल गंभीर. तो दर उन्हाळ्यात जांभळाच्या बियांची पूड करून आणी आणि दर श्रावणात कारल्याचा रस, आणि समोर उभा राहून प्यायला लावी.

"पी लालाभाई. नाक धर आन पी. माणूस हाय तोवर मशीन हाय."

लालासाब प्यायचा. ही एक वेगळीच किळस होती, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतली होती.

अशात इरमला स्थळ आलं. इरम बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आधीची स्थळं तिनं नाकावरची माशी उडवावी तशी उडवली होती. हा मुलगा कामिल नायकवडी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नुकताच मेंटेनन्सला लागलेला. तो येऊन गेला आणि इरम चक्क भांडी घासायला बसली. कुलसुमनं ओळखलं. ही पोरगी मनातलं बोलायचं नसलं की भांडी घासते.

"बरा हाय का गं?" कुलसुमनं विचारलं.

"मला काय विचारतेस, अब्बांना विचार," इरम म्हणाली आणि स्वच्छ पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

घोटाळा त्याच बैठकीत झाला होता. कामिलचे वडील बाबालाल नायकवडी. कागल तालुक्यात नदीकाठी त्यांचं गुऱ्हाळ. धिप्पाड माणूस, आवाज असा की बोलणं घरात चाललंय की चौकात हे कळू नये. येताना त्यांनी भेट म्हणून गुळाची अख्खी ढेप आणली होती. चहा झाल्यावर त्यांनी तिचा एक कोपरा हातानं फोडला आणि लालासाबपुढं धरला.

"घ्या पावणं. आमच्या घाण्याचा हाय."

लालासाबनं रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. तो काही बोलायच्या आत शेजारी बसलेला धम्मपाल पुढं सरसावला. मित्रासाठी जीव देणारा माणूस, गप्प कसा बसेल.

"त्यास्नी नगा देऊ. शुगर हाय त्यांना, लई जुनी. मीच कारल्याचा रस पाजतोय म्हणून हायत."

बाबालालांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो खडा आपल्याच तोंडात टाकला आणि चघळत चघळत विचारात पडले.

चार दिवसांनी निरोप आला. पोरगी पसंत आहे, घर पसंत आहे. पण बापाची शुगर पोरीत उतरते, पोरीची नातवंडांत, असं घरातल्या थोरल्या बायका म्हणतात. गुऱ्हाळाच्या घरात गूळ न चालणारी सून कशी न्यायची.

इरमनं त्या दिवशी घरातली सगळी भांडी घासली. मग ती बापासमोर येऊन बसली.

"अब्बा, तुमची शुगर कधी बरी होणार?"

"चेष्टा करू नगंस."

"चेष्टा न्हाय. तुम्ही गूळ खात नाही म्हणून माझं लग्न मोडतंय. मी हे क्लासातल्या पोरींना कसं सांगू?"

 दुसऱ्या दिवशी लालासाब लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आला. रिपोर्ट एकदम नॉर्मल. तो त्यानं धम्मपालच्या हाती नायकवड्यांकडं धाडला. धम्मपालला आधी रिपोर्ट बघून कारल्याच्या रसाचा अभिमान वाटला. मग कुलसुमनं त्याला खरं सांगितलं आणि त्यानं आपले दोन्ही तळवे लालासाबच्या नाकापुढं धरले.

"सगळी कारली मी किसलीत," तो म्हणाला. "माझ्या हाताला अजून वास येतोय. आन तू घरात तीन चमचे घालून पीत हुतास?"

"तीन न्हाय. अडीच."

तरी तो रिपोर्ट घेऊन गेला. संध्याकाळी परत आला तो हसू दाबत.

"काय म्हणाले?"

"बाबालाल म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आलाय म्हणजे गोळी चांगली लागू पडलीय."

"आरं पण मी गोळी घेतच न्हाय."

"सांगितलं की मी. तर म्हणाले, कारल्याचा रस तर घेतात न्हवं, तुम्हीच बोललासा." धम्मपालनं घाम पुसला. "आता येकच म्हणत्यात. गुऱ्हाळावर या, आमच्या डोळ्यांदेखत खडाभर गूळ खावा. शुगरचा माणूस काय गूळ खाणार न्हाय. खाल्ला की पोरगी आमची."

कुलसुम म्हणाली, "खडाभरच हाय. डोळं मिटून गिळा."

 लालासाबला पुन्हा ते मोराचं पीस दिसायला लागलं होतं. आणि खरं कारण तर सांगायचीच सोय नव्हती. गुऱ्हाळवाल्याच्या घरी मुलगी देताना, तुमच्या गुळाची मला किळस येते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

ठरल्या दिवशी तो धम्मपालबरोबर गेला. गुऱ्हाळ अजून दिसतही नव्हतं तेव्हा त्याला ते ऐकू आलं. टक्. टक्. टक्.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"काय?"

"पिनियनचा एक दात भरलेला हाय. वेल्डिंग मारून."

"लालाभाई," धम्मपाल हात जोडून म्हणाला, "आज तू पोरीचा बाप हाईस. आज कान बंद ठेव."

गुऱ्हाळावर चांगली गर्दी होती. कडेला बाज टाकून बाबालाल बसलेले, बाजूला त्यांची बायको जैतूनबी, डोईवरचा पदर सावरत. कामिल सुट्टी काढून आलेला. चुलाणाजवळ गुळव्या पिराजी, म्हणजे रस कधी उतरवायचा हे जाणणारा माणूस, कढईत फावडं ढवळत होता. आणि ज्याचा ऊस त्या दिवशी घाण्याला लागला होता तो कृष्णात नावाचा शेतकरी आपल्या मोळ्यांवर बसून बिडी ओढत होता. पावणे गूळ खाणार आहेत, ही बातमी सगळ्यांना होती.

"बसा पावणं," बाबालाल म्हणाले. जैतूनबीनं एका ताटलीत गुळाचा पिवळाधमक खडा आणून दिला.

"खावा."

"खातो की."

"मग खावा की."

लालासाबनं खडा उचलला. वास खरोखर छान होता. त्यानं तो ओठापर्यंत नेला. डोळे मिटायचं त्यानं ठरवलं होतं, पण कान काही मिटत नाहीत. टक्. टक्. आणि नको तेच झालं, त्यानं घाण्याकडं बघितलं.

पिनियन उघडं होतं. दात झिजून सुरीसारखे पातळ झालेले, त्यात एक वेल्डिंगनं भरलेला, सुजलेल्या हिरडीसारखा. त्याच्यावर जळक्या ऑइलचा काळा थर, थरावर चिपाडाची भुकटी, भुकटीत अडकलेल्या मुंग्या. तेवढ्यात पिराजी चुलाणावरनं उठला, काठीला बांधलेली चिंधी डब्यात बुडवून त्यानं पिनियनवर भसकन फिरवली, आणि तीच काठी घाण्याला टेकवून परत कढईकडं गेला. चिंधीतला एक थेंब आसावर पडला. आस फिरत होता, थेंब सरकत होता. लालासाब त्याच्याबरोबर नजर नेत गेला. बेअरिंगच्या कडेला थेंब थोडा थांबला, लोंबला, आणि रसाच्या पन्हाळीत पडला.

लालासाबनं खडा ताटलीत ठेवला.

"का वो?" बाबालालांचा आवाज चढला. "न्हाय जमत न्हवं? मग शुगर हाय म्हणा की सरळ. आमास्नी कशाला फसवता?"

धम्मपालनं लालासाबचा गुडघा दाबला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"शुगर न्हाय मला," लालासाब म्हणाला. "कधीच नव्हती. मला किळस येती."

"कशाची?"

"तुमच्या पिनियनची."

घाणा चालू होता, पण माणसं थांबली. कृष्णातनं बिडी तोंडातून काढली. मग लालासाबनं इतक्या वर्षांचं सगळं ओकून टाकलं. तो थेंब कुठून कुठं गेला ते बोटानं दाखवलं. पालीच्या शेपटीचं सांगितलं. तो दात भरून देणाऱ्याचे हात बांधून ठेवले पाहिजेत, असंही म्हणाला. बोलता बोलता त्याला कळत होतं की एकेका वाक्याला इरमचं लग्न एकेक पाऊल लांब जातंय, पण उलटी अर्ध्यात थांबवता येत नाही, तसं त्याचं झालं होतं.

बाबालाल उठून उभे राहिले. "माझ्या दारात येऊन माझ्या गुळाला नावं ठेवतासा? आमचं अख्खं घर हाच गूळ खातंय. पोरं वाढलीत ह्याच्यावर. आमाला न्हाय कधी किळस आली ती?"

तेव्हा जैतूनबी पदराआडून, अगदी हळू म्हणाली, "ह्याच्यावर कुठं वाढलीत. आपलं घरचं आदण, घरापुरती कढई, येगळी असती की."

"तू गप."

"गप काय. हंगाम सुरू व्हायच्या टायमाला घाणा धुवून, वंगाण लावायच्या आधी आपलं घरापुरतं आदण काढतो. वर्साचा गूळ भरून ठेवतो. ह्या ताटलीतला खडा बी त्यातलाच हाय. पावण्यास्नी द्यायचा म्हणून घरातनं आणला मी."

आता कृष्णात मोळ्यांवरनं खाली उतरला.

"म्हंजे बाबालालभाई," तो सावकाश म्हणाला, "आमच्या गुळात वंगाण, आन तुमच्यात न्हाय व्हय?"

चांगलाच पेच पडला. बाबालाल उगाचच मोळ्या मोजायला लागले. पिराजीनं तर कढईत असं तोंड घातलं, जसं काही गूळ आता त्याच्या कानात बोलणार होता. मग कामिल पुढं झाला. तो बापाकडं नाही, होणाऱ्या सासऱ्याकडं नाही, थेट मोटरकडं गेला आणि त्यानं बटण बंद केलं. टक् टक् थांबलं.

"अब्बा, मी गेल्या साली बी म्हणलं हुतं," एवढंच तो बोलला.

 परत कोल्हापुरात आल्यावर धम्मपाल म्हणाला, "कारलं कडू न्हाय रं. तू कडू हाईस." आणि आपल्या शटरच्या आत गेला.

घरी इरम सगळं ऐकून आत निघून गेली. भांडीही घासली नाहीत. ते जास्त वाईट होतं. लालासाब दोन दिवस मशीनसमोर बसून स्वतःला शिव्या देत राहिला. दुसऱ्याच्या घाणीची किळस करणं सोपं असतं. आपल्या जिभेची किळस यायला लागली की जायचं कुठं, ती तोंडातच असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात मोटरसायकल थांबली. कामिल होता. त्यानं मागच्या कॅरियरवरचं ओझं सोडलं आणि आत आणून बाकावर ठेवलं. पांढऱ्या, धुतलेल्या, घडी घातलेल्या टॉवेलात गुंडाळलेलं. लालासाबनं सवयीनं चिमटा उचलला, मग टॉवेल बघून खाली ठेवला. हातानं उलगडलं.

आत नायकवड्यांचं पिनियन होतं. रॉकेलनं धुतलेलं. नुसतं धुतलेलं नाही, दातांच्या खाचांत ब्रश घालून, मुळापर्यंत. मधल्या भोकात, किल्ली बसते त्या खाचेत, सगळीकडं. झिजलेलं होतं, वेल्डिंगची गाठ होती, पण स्वच्छ. लालासाबनं ते नाकाशी नेलं. साबणाचा वास येत होता.

"साबण?"

"शेवटाला एक हात मारला," कामिल जरा लाजून म्हणाला. "तुम्ही म्हणला हुता न्हवं, लोक न धुता आणत्यात."

इतक्या वर्षांत पिनियन धुऊन आणणारं हे पहिलं गिऱ्हाईक. लालासाबच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं रॉकेलच्या वासावर ढकललं. मग तो शटरबाहेर येऊन ओरडला, "धम्मा, ए धम्मा. हिकडं ये. बघ. धुतलंय."

धम्मपाल आला. त्यानं पिनियन बघितलं, पोराकडं बघितलं.

"आता जातपडताळणी झाली म्हणायची," तो म्हणाला. "बस बाबा. च्या घेणार? बिनसाखरेचा मिळंल हितं."

कामिलनं निरोप सांगितला. घाणा त्या दिवसापासून बंद आहे. कृष्णातनं ऊस परत नेला नाही, पण मोळ्यांवर बसून राहिलाय. बाबालाल म्हणतात, नावं ठेवणाऱ्यानं करून दाखवावं. आणि करून दाखवल्यावर खाऊन दाखवावं. घरच्या आदणातला नाही, बाजारच्या आदणातला.

लालासाबनं नवा ठोकळा मशीनला लावला. जुन्या पिनियनपेक्षा कडक पोलाद घेतलं, मोठ्या चाकाशी दात नीट बसेल असं माप घेतलं. धम्मपालनं आसावर बसवायला एक चकती फिरवून दिली. सरपटत येणारा थेंब तिच्या काठावर आला की आत न जाता बाहेरच्या बाजूला झटकला जाईल अशी. वरून झाकण, खाली वंगण झेलायला पत्र्याचं ताट. ही काही जगावेगळी अक्कल नव्हती. लालासाब मनात कुढत होता तो याच्यावरच. इतक्या वर्षांत इतक्या घाण्यांवर गेलो, पिनियन बसवलं, तोंड वाकडं केलं आणि परत आलो. पत्र्याचं ताट एकदाही बसवलं नाही. नुसती शुगर लावून घेतली.

पिनियन बसवायला कुलसुमही आली, कारण जमलं तर तिथंच बोलणी पक्की करायची होती. मोटर सुरू झाली. लालासाबनं कान दिला. टक् नाही. नुसती एक सारखी घरघर, पोट भरलेल्या मांजरासारखी. पन्हाळीतून रस आला, टाकीत पडला. सगळे टाकीत वाकून बघायला लागले, जणू विहिरीत कोणी पडलंय. वर फक्त फेस होता. मोर नव्हता.

कढई चढली, मळी निघाली, पाक उतरला. वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या त्या पसरट हौदात, पिराजीनं तो ओतला. थोडा घट्ट झाल्यावर बाबालालांनी मान हलवली. पिराजी पुढं झाला. त्यानं वाफ्यातला एक लोळा सरळ बोटांनी उचलला, गरम होता म्हणून या हातातून त्या हातात खेळवला, फुंकर मारली, आणि लालासाबपुढं धरला.

लालासाबनं पिराजीचं नख बघितलं. अंगठ्याचं. त्याच्या आत जे होतं ते नक्की काय होतं हे त्याला ओळखता आलं, आणि ओळखता आलं याचंच वाईट वाटलं. ही फुंकर जिथून आली तिथं थोड्या वेळापूर्वी तंबाखू होती, हेही त्यानं बघितलं होतं. पिनियनला झाकण बसवता येतं. पिराजीला कसं बसवणार?

त्यानं वर बघितलं. बाबालाल बघत होते. कृष्णात बघत होता. जैतूनबी पदर तोंडाशी धरून बघत होती. कुलसुमच्या ओठांवर न बोललेलं वाक्य होतं, आणि ते खडाभरापेक्षा बरंच मोठं होतं. कामिल मात्र त्याच्याकडं बघत नव्हता. तो पिनियनखालचं ताट सरळ करत होता.

लालासाबनं गूळ तोंडात टाकला.

बराच वेळ त्यानं तो नुसता जिभेवर धरला. मग चावला. मग गिळला.

"काय?" बाबालालांनी विचारलं.

"न्हाय," लालासाब म्हणाला, "म्हंजे नीट कळला न्हाय. अजून एक बघू."

तिथंच लग्न ठरलं. बाबालालांनी त्याला मिठी मारली तेव्हा त्यांच्या सदऱ्याचा घाम लालासाबच्या गालाला लागला, आणि तोही त्यानं सहन केला. निघताना त्यांनी नव्या आदणातली ढेप फडक्यात बांधून मांडीवर ठेवायला दिली.

परतीच्या एसटीत लालासाब खिडकीशी बसला होता. चेहरा सकाळी शटर वर करतानाचा. कुलसुमनं त्याला कोपरानं ढोसलं.

"आता काय झालं? जमलं की सगळं."

"किळस आली."

"गुळाची?"

"माझी," लालासाब म्हणाला. "इतका चांगला लागतोय ह्ये कुणी सांगितलं न्हाय मला."

"सगळं कोल्हापूर सांगत हुतं."

 स्टँड येईपर्यंत तो बाहेर बघत राहिला आणि त्याचा एक हात फडक्याच्या आत होता. घरी गेल्यावर इरमनं ढेप सोडली, तेव्हा तिचा एक कोपरा नव्हता. इरमनं बापाकडं बघितलं. मग तिनं चहा टाकला, आणि काही न विचारता त्यात गूळ घातला.